तटस्थ म्हणविणाऱ्यांस

बातमीदाराने तटस्थ असावे, हे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणासही वाटेनाशी झाली आहे. वृत्तसंस्थांच्या नियमपुस्तकांत ते असते, वृत्तपत्रविद्येच्या वर्गांत ते शिकविले जाते आणि आपल्या सभासंमेलनांत सुशिक्षित बांधवही ते मोठ्या गांभीर्याने उच्चारतात. आम्ही व्यवसायाने डॉक्टर आहोत, पत्रकार नव्हे. परंतु एखाद्या औषधाचे नाव मोठे आणि परिणाम घातक असेल, तर तसे स्पष्ट सांगणे हे आमच्या पेशाचे कर्तव्य होय. तटस्थता हे असेच एक औषध आहे, असे आमचे मत आहे. हे मत बनण्यास ज्यांची कारकीर्द कारणीभूत झाली, त्या बी.बी.सी.च्या मार्टिन बेल या युद्धवार्ताहराविषयी येथे लिहावयाचे आहे.

बेल यांचा जन्म १९३८ सालचा, इंग्लंडच्या सफोक परगण्यातला. वडील ॲड्रियन बेल हे शेतकरी आणि ग्रंथकार. 'द टाइम्स' दैनिकाचे पहिले शब्दकोडे १९३० मध्ये त्यांनीच रचले. मुलाने सक्तीच्या लष्करी सेवेचा काळ सायप्रसमध्ये काढला, म्हणजे साम्राज्य आपला गाशा गुंडाळत असताना त्या साम्राज्याची बंदूक खांद्यावर वाहिली. त्यानंतर केंब्रिजची पदवी, १९६२ मध्ये बी.बी.सी.च्या नॉर्विच येथील कार्यालयात नोकरी, आणि १९६६ मध्ये घाना ही पहिली परदेशातील कामगिरी. पुढे व्हिएतनाम, १९६७ आणि १९७३ ची अरब-इस्रायल युद्धे, नायजेरियाचे यादवी युद्ध, अंगोला, उत्तर आयर्लंड, अमेरिकेच्या राजधानीत सुमारे अकरा वर्षे, आणि १९९१ चे आखाती युद्ध. ही यादी आम्ही मुद्दाम भराभर उरकली. कारण या तीस वर्षांत बेल यांनी रूढ चाकोरी सोडली असे दिसत नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे सांगावे, आवाज चढू देऊ नये, स्वतःचे मत कळू देऊ नये, ही बी.बी.सी.ची जुनी शिस्त त्यांनी निष्ठेने पाळली. हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे याच माणसाने त्या शिस्तीस 'बघ्यांची पत्रकारिता' अशा अर्थाचे नाव दिले. ज्याने ती कधी पाळलीच नाही अशा एखाद्या उतावळ्या तरुणाने हे नाव दिले असते, तर ते मनावर घेण्याचे कारण नव्हते.

हा बदल बोस्नियात झाला. १९९२ च्या एप्रिलमध्ये सारायेव्हो शहरास वेढा पडला आणि तो सुमारे चौदाशे दिवस टिकला. शहर दरीत, तोफा भोवतालच्या डोंगरांवर. पाण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या बायका, रस्ता ओलांडणारी मुले, भाकरीसाठी निघालेले म्हातारे, हे सारे दुर्बीण लावलेल्या बंदुकीच्या टप्प्यात होते. येथे लढाई दोन सैन्यांत होती असे म्हणणे म्हणजे शब्दांचा खेळ होय. एका बाजूस सैन्य होते आणि दुसऱ्या बाजूस मुख्यतः शहर होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कॅमेऱ्यासमोर उभे राहून बोलत असताना बेल यांच्या पोटात तोफगोळ्याचे तुकडे शिरले. अंगात त्यांचा तो प्रसिद्ध पांढरट सूट होता, जो ते शुभशकुन म्हणून वापरीत. शकुनाचा उपयोग काय झाला हे वाचकांस दिसतेच आहे. परंतु माणूस वाचला, आणि बरा होऊन पुन्हा त्याच शहरात गेला.

येथे आम्हांस आमच्या पेशातील थोडे सांगू द्यावे. स्फोटात उडालेला धातूचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा गुळगुळीत नसतो. तो वेडावाकडा असतो आणि मांस कापण्याऐवजी फाडीत जातो. बाहेर बोटाच्या पेराएवढे छिद्र दिसते; आत मात्र आतड्याला चार ठिकाणी भोके पडलेली असू शकतात. म्हणून गंभीर जखमी माणूस अपघात विभागात आणला, की श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि शुद्धी पाहून झाल्यावर पाचवी पायरी येते ती त्याचे सर्व कपडे कापून काढून संपूर्ण शरीर उघडे करून पाहण्याची. जो डॉक्टर संकोचाने सदरा तसाच ठेवतो, तो पाठीवरची जखम पाहत नाही. आणि न पाहिलेल्या जखमेने रोगी दगावतो. हा नियम आम्ही नवशिक्यांस पहिल्याच आठवड्यात शिकवितो. दूरचित्रवाणीच्या संपादकांस तो कोणी शिकवीत नाही.

बोस्नियाच्या बातम्या इंग्लंडमधील घराघरांत पोहोचल्या त्या सदरा न काढता पोहोचल्या. धुराचा लोट, पळणारी माणसे, रस्त्यावरचा डाग, मग लगेच इस्पितळाचा दरवाजा. मधले सारे कापलेले. कारण काय, तर सुरुची. संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी कुटुंबे जेवावयास बसलेली असतात, मुले समोर असतात, म्हणून रक्त दाखवू नये. बेल यांनी या सुरुचीवर कडाडून टीका केली. त्यांचे म्हणणे असे की शस्त्रे माणसाच्या देहाचे काय करतात हे झाकून आपण युद्धास सुसह्य बनवितो, आणि वाद मिटविण्याचा तोही एक मार्ग आहे असे प्रेक्षकांस वाटू लागते. आम्ही या टीकेशी पूर्णतः सहमत आहोत, किंबहुना आम्ही एक पाऊल पुढे जातो. या प्रकारास आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: सोवळे. जेवणाच्या ताटास परक्याच्या रक्ताचा विटाळ होऊ नये, एवढीच त्यामागील भावना असते. रक्त सांडण्यास हरकत नाही. त्याची सावली आपल्या घरात पडता कामा नये. सोवळ्याचे हे शास्त्र कोणास नवे असेल, पण आमच्या वाचकांस ते समजावून सांगावे लागणार नाही.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, आणि त्यास उत्तर दिलेच पाहिजे. मृताची व जखमीची काही प्रतिष्ठा आहे की नाही? रोग्याचे गुपित राखण्याची शपथ घेणाऱ्या डॉक्टराने त्याचा देह जगाच्या चावडीवर मांडावा काय? आमचे उत्तर असे की प्रतिष्ठा चेहऱ्याची राखावी, नावाची राखावी, आप्तांच्या दुःखाची राखावी. जखमेस प्रतिष्ठा नसते. आमच्या ग्रंथांत शेकडो जखमांची छायाचित्रे असतात आणि त्यांतील एकाही माणसाचा अवमान होत नाही, कारण ती शिकण्यासाठी छापलेली असतात. खेरीज प्रतिष्ठेची ही काळजी बहुधा अशा वेळीच जागी होते, जेव्हा मारणाऱ्यास उघडे पडण्याची भीती असते. एरवी चित्रपटांत रोज रात्री रक्ताचे पाट वाहतात, तेव्हा कोणाचे जेवण थांबत नाही.

आता तटस्थतेकडे वळू. शब्द आपलाच आहे आणि त्याचा अर्थ उघड आहे. तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहणारा. पाण्यात एक जण दुसऱ्याचे डोके धरून बुडवीत आहे, आणि काठावरचा गृहस्थ दोघांच्या हालचालींचे समतोल वर्णन करीत आहे. त्याने खोटे काही सांगितलेले नाही. पाणी किती खोल आहे हेही त्याने बरोबर सांगितले आहे. तरीही त्याचे वर्णन बुडविणाऱ्याच्या सोयीचे आहे, कारण वेळ जात आहे आणि वेळ बुडविणाऱ्यास हवा आहे. निःपक्षपातीपणा ही अगदी वेगळी वस्तू आहे. आमच्या टेबलावर चोर आला काय आणि शिपाई आला काय, आम्ही सारखेच टाके घालतो. तो आमचा निःपक्षपातीपणा. परंतु रोगी आणि रोग यांच्यामध्ये आम्ही तटस्थ नाही. जंतूंची बाजू ऐकून घेण्याची सक्ती आमच्यावर अद्याप कोणी केलेली नाही.

बेल यांनी जी भूमिका मांडली तीत हाच भेद आहे. आपल्याकडे साठोत्तरी साहित्यात ज्या 'बांधिलकी' शब्दावरून इतके वाद झाले, तोच शब्द येथे योग्य ठरेल. त्यांनी बांधिलकीच्या पत्रकारितेचा पुरस्कार केला: जी जाणते आणि जाणण्याबरोबर ज्या पत्रकारितेस काही वाटतेही, जी चांगले आणि वाईट, छळणारा आणि छळलेला यांच्यामध्ये काठावर उभी राहत नाही. पण एखाद्या राष्ट्राची, पक्षाची वा जमातीची तळी उचलणे म्हणजे बांधिलकी नव्हे, हेही त्यांनी त्याच वेळी बजावले. स्वतः बेल सर्ब बाजूच्या प्रदेशातही जात, त्यांच्या नेत्यांशी बोलत, त्यांचे म्हणणे ऐकून घेत. टीकाकार हा भाग सोयीस्करपणे विसरतात.

तटस्थता प्रत्यक्षात कशी चालते, याचा नमुना पाहावयाचा असेल तर शस्त्रबंदीचा इतिहास पाहावा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने सप्टेंबर १९९१ मध्ये ठराव क्र. ७१३ द्वारे संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. कागदावर ती सर्वांस सारखीच लागू होती. परंतु जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा, रणगाडे आणि कोठारे यांचा फार मोठा वाटा सर्ब बाजूच्या हाती आधीच होता. ज्याच्याजवळ होते त्याच्याजवळ राहिले. ज्याच्याजवळ नव्हते त्यास मिळू दिले नाही. आणि यास समान वागणूक म्हटले गेले. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड या धोरणाचे खंदे समर्थक होते. १९९३ मध्ये त्यांनी बोस्नियातील वार्ताहरांचा 'काहीतरी केलेच पाहिजे' म्हणणाऱ्या पंथाचे लोक म्हणून उपहास केला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी स्रेब्रेनित्सा हे सुरक्षित क्षेत्र जाहीर केले होते. १९९५ च्या जुलैमध्ये त्या सुरक्षित क्षेत्रातील आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे काही दिवसांत ठार मारण्यात आले. 'काहीही करू नये' असा जो दुसरा पंथ होता, त्याच्या अनुयायांची नावे मात्र कोणी मोजली नाहीत.

बेल यांच्या भूमिकेवर तुटून पडणाऱ्यांत 'एल.एम.' या मासिकाचे संपादक मिक ह्यूम हे आघाडीवर होते. १९९७ मध्ये त्यांनी बांधिलकीच्या पत्रकारितेविरुद्ध एक पुस्तिकाच काढली. युद्ध तुमचे नव्हे, तुम्ही त्यात नैतिक शूरवीर बनू नका, असा तिचा रोख होता. यात तथ्यांश नाही असे आम्ही म्हणत नाही. वार्ताहरास संताचा झगा शोभत नाही. परंतु ज्या मासिकाने हा उपदेश केला त्याने त्याच वर्षी काय छापले, हे पाहावे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये आय.टी.एन.च्या पेनी मार्शल आणि इयन विल्यम्स यांनी, 'गार्डियन'च्या एड व्हलियामी यांच्यासह, ओमार्स्का आणि त्र्नोपोल्ये येथील सर्ब छावण्यांत प्रवेश मिळविला होता. काटेरी तारेमागे उभ्या असलेल्या हाडकुळ्या माणसांची त्यांनी आणलेली दृश्ये जगभर दाखविली गेली. ही दृश्ये दिशाभूल करणारी आहेत, असा लेख 'एल.एम.'ने प्रसिद्ध केला. आय.टी.एन.ने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि मार्च २००० मध्ये लंडनच्या न्यायालयात मासिक हरले.

त्या खटल्यातील एक साक्षीदार आमच्या व्यवसायाचा होता. तो त्र्नोपोल्ये छावणीत स्वतः कैदी होता आणि तेथील कैद्यांवर जमेल तसे उपचार करीत असे. १९९२ मध्ये आय.टी.एन.च्या पथकाने त्यास येथे मारहाण होते काय असे विचारले, तेव्हा पहारेकऱ्यांच्या देखत तो उघडपणे बोलू शकला नाही. परंतु मारहाण झालेल्या कैद्यांच्या देहांची छायाचित्रे असलेली फिल्म त्याने पथकाच्या हाती गुपचूप दिली होती. आठ वर्षांनी त्याने लंडनला येऊन सर्व सांगितले. तटस्थतेचे पुरस्कर्ते आम्हांस सांगतील काय, की त्या डॉक्टराने ती फिल्म देण्यापूर्वी पहारेकऱ्यांचीही बाजू नोंदवून घ्यावयास हवी होती?

बेल स्वतःही साक्षीस उभे राहिले. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे वार्ताहरांनी साक्ष द्यावी की नाही, यावर पत्रकारांत मोठा वाद झाला. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे माजी वार्ताहर जोनाथन रँडल यांनी नकार दिला, आणि डिसेंबर २००२ मध्ये न्यायाधिकरणाने युद्धवार्ताहरांस साक्षीची सरसकट सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. रँडल यांचा युक्तिवाद आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. उद्या प्रत्येक वार्ताहर सरकारी साक्षीदार ठरला, तर त्यास कोणी आत येऊ देणार नाही. हा हिशेब बेल यांसही कळत होता. तरीही ते गेले. डिसेंबर २०१० मध्ये बोस्नियन सर्बांचे नेते राडोवान काराद्झिच यांनी वकील न देता स्वतःच त्यांची उलटतपासणी घेतली. एके काळी ज्याची मुलाखत घेतली त्याच्याच प्रश्नांस पिंजऱ्यासमोर उत्तरे देण्याचा प्रसंग फार थोड्या वार्ताहरांवर आला असेल. काराद्झिच यांस २०१६ मध्ये वंशसंहारासह अनेक गुन्ह्यांसाठी चाळीस वर्षांची, आणि २०१९ मध्ये अपिलात जन्मठेपेची शिक्षा झाली.

मधल्या काळात बेल संसदेतही जाऊन आले. १९९७ मध्ये टॅटन मतदारसंघात, पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा आरोप असलेल्या नील हॅमिल्टन यांच्याविरुद्ध ते अपक्ष उभे राहिले. मजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट यांनी आपले उमेदवार मागे घेतले आणि ते अकरा हजारांवर मतांनी निवडून आले. चार वर्षे बाकावर बसले. प्रकरण मनोरंजक आहे, पण आमच्या विषयास त्याचा फारसा उपयोग नाही.

आम्ही बेल यांस देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. विभूतिपूजा आम्हांस मान्य नाही, मग ती पांढऱ्या सुटाची का असेना. परदेशी वार्ताहर चिलखती गाडीतून फिरतो, जखमी झाला तर विमानाने बाहेर जातो आणि बरा होऊन पुरस्कार स्वीकारतो. त्याच शहरात 'ओस्लोबोजेन्ये' नावाचे दैनिक निघत होते. त्याची इमारत तोफांनी उद्ध्वस्त केली. कर्मचारी तळघरातील आसऱ्यात बसून अंक काढू लागले आणि संपूर्ण वेढ्यात अंक निघत राहिला. संपादक केमाल कुर्स्पाहिच मुस्लिम, त्यांच्या सहकारी गोर्दाना क्नेझेविच सर्ब. कचेरीत सर्ब, क्रोएट आणि मुस्लिम खांद्याला खांदा लावून काम करीत होते. युरोपीय संसदेने १९९३ मध्ये त्यांस साखारोव्ह पारितोषिक दिले. त्यांस काठावर उभे राहण्याची सोयच नव्हती, कारण ते पाण्यातच होते. तरी सर्व जमातींना एका कचेरीत धरून ठेवण्याइतके निःपक्षपाती राहणे त्यांस जमले. बेल यांची थोरवी फार तर एवढी, की काठाचा आश्रय उपलब्ध असताना त्यांनी तो नाकारला.

आता आजचे पाहू. काठावरूनसुद्धा पाहता येऊ नये अशी व्यवस्था सरकारांनी आता करून ठेवली आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर दोन वर्षांहून अधिक काळ इस्रायलने परदेशी वार्ताहरांस गाझामध्ये स्वतंत्रपणे जाऊ दिले नाही. जे गेले ते सैन्याच्या पहाऱ्यात, सैन्य दाखवील तेवढे पाहून परतले. काम केले ते तेथील पॅलेस्टिनी पत्रकारांनी, आणि त्यांतील शंभराहून कितीतरी अधिक ठार झाले. त्यांची दृश्ये जगास दिसत असतानाही अनेक प्रतिष्ठित संपादकांस प्रश्न पडला तो हा, की जो स्वतः पीडित आहे तो तटस्थ कसा मानावा. म्हणजे ज्याचे घर पडले त्याची साक्ष अग्राह्य, आणि ज्यास आत येऊ दिले नाही त्याचे मौन मात्र समतोल!

आणि आपल्या मायदेशातील वाहिन्या, ज्या आमचे अनेक बांधव या थंड देशात बसून रात्र-रात्र पाहतात, त्यांनी तर तटस्थता आणि निःपक्षपातीपणा दोन्ही एकदमच सोडून दिले आहेत. तेथे बांधिलकी दुथडी भरून वाहते; फक्त युद्धभूमीवर जाणारा माणूस नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा ८ तारखेच्या रात्री अनेक वाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला केल्याचे सांगितले. तसे काही घडले नव्हते. सायरनचे आवाज होते, पडद्यावर आगीचे गोळे होते, निवेदकांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. याच सुमारास पूंछ शहरात तोफगोळ्यांनी खरोखरीची माणसे मरत होती. त्यांत एक शिक्षक होते. काही वाहिन्यांनी त्यांस दहशतवादी म्हणून घोषित केले. अखेरीस पूंछच्या पोलिसांनाच निवेदन काढून ते खोटे असल्याचे सांगावे लागले. देशाच्या नागरिकास शत्रूच्या गोळ्याने मारले आणि देशाच्या वाहिन्यांनी त्यावर शिक्का मारला. तेथे एक वार्ताहर जाऊन शेजाऱ्यास विचारता, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

बेल यांनी २०१७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच बातमीच्या मृत्यूचा उल्लेख आहे. हॉटेलच्या गच्चीवर उपग्रहाच्या तबकडीजवळ उभे राहून, मुख्य कार्यालयाने कळविलेलेच मुख्य कार्यालयास परत सांगणारा वार्ताहर हा त्यांच्या टीकेचा विषय होता. आमच्या वाहिन्यांनी गच्चीचाही खर्च वाचविला आहे.

म्हणून जे बांधव बेल यांची बांधिलकी म्हणजे पक्षपात आणि स्टुडिओतील आरडाओरडा म्हणजे देशप्रेम असे समजतात, त्यांस आमचा एक साधा प्रश्न आहे. कराची बंदर पेटल्याची चित्रफीत त्या रात्री आपण किती जणांस पाठविली, हे आपल्या दूरध्वनीत अद्याप नोंदलेले असेल. पूंछच्या पोलिसांचे निवेदन त्यांपैकी किती जणांस पाठविले?